माती राखण्याचा मोबदला



गेल्या वैशाखात एका गावी शिवारफेरी करीत होतो. एका वयस्क शेतकऱ्यांनी फुटका बांध दाखवला नि म्हणाले, “साहेब, सरकारनं घातलेला बांध हाय हा. मग सरकार कधी दुरुस्त करणार?” मला लगेच उत्तर सुचले नाही. पण अमेरिकेतल्या एका मुलखाचा इतिहास आठवला. तो आपणही ऐकावा.

ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिम टोकाला सिमॅरॉन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा कारभाराचा भाग. मूळचे हे गवताळ रान. पाऊस बेताचा, वारा मात्र दांडगा. पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव चढला, तशी लोकांनी गवत मोडून गव्हाची पेरणी वाढवली. १९३० नंतर भाव कोसळले, पाठोपाठ अवर्षण आले. उघडी पडलेली माती वाऱ्याने उचलली. १४ एप्रिल १९३५ रोजी तिथल्या बॉइस सिटी गावावर धुळीचा असा लोट आला, की दिवसाउजेडी काळोख झाला.

त्याच महिन्यात अमेरिकेने मृदसंधारणाचा कायदा केला. ह्यू बेनेट हे नव्या खात्याचे प्रमुख झाले. १९३६ च्या कायद्याने, माती झिजवणारे पीक कमी करून माती राखणारे पीक घेणाऱ्याला पैसे मिळू लागले. माती टिकावी आणि धान्याचे भावही सावरावेत, असे दोन्ही हेतू त्यात होते. मात्र पैसा सगळ्यांच्या हाती सारखा पोचला नाही. त्या काळात पीक कमी करण्याच्या योजनांचा पैसा दक्षिणेच्या कापूसपट्ट्यात बराचसा जमीनमालकांनाच मिळाला आणि अनेक वाटेकऱ्यांना शेत सोडावे लागले.

१९५६ साली ‘सॉइल बँक’ योजना आली. जमीन पडीक ठेवून तिच्यावर गवत किंवा झाडे लावणाऱ्यास मोबदला मिळे. पुढे करार संपले. १९७२ नंतर परदेशात गहू खपू लागला, भाव वाढले आणि राखलेल्या पुष्कळ रानात पुन्हा नांगर शिरला.

मग १९८५ साली नवी योजना आली. धुपणारी जमीन १० ते १५ वर्षे गवताखाली ठेवायची. सरकार दर एकरी वार्षिक खंड देणार, शिवाय गवत लावण्याचा सुमारे निम्मा खर्च सोसणार. जुन्या अनुभवातून काही बंधने घातली. एका काउंटीतली साधारण पाव भागाहून जास्त लागवडीची जमीन घ्यायची नाही. नाहीतर बी-बियाणे, खते, अवजारे विकणारी गावची दुकाने बसायची. वाटेकऱ्यांनाही त्यांचा रास्त वाटा मिळावा, असे कायद्यात घातले.

२००७ साली या योजनेत ३ कोटी ६८ लाख एकर जमीन होती. त्याच सुमारास मका-गव्हाचे भाव भडकले. करार संपले, तसे अनेकांनी गवत मोडले. २०१४ च्या कायद्याने तर योजनेची मर्यादाच २ कोटी ४० लाख एकरांवर आणायचे ठरवले.

बंधूंनो, याचा अर्थ अनुदान वाया गेले असा नाही. त्याने लाखो एकर माती वाचवली. पण खंड थांबला आणि भाव चढला, की राखणही अनेक ठिकाणी थांबली, हे खरे.

आपल्याकडेही १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यापासून शासन बांधबंदिस्ती करीत आले. १९७२ च्या दुष्काळात कितीतरी हातांनी बांध घातले. बांध घालणे एकट्याच्या आवाक्यातले नसते. आखणी लागते, पैसा लागतो. ती मदत हक्काने मागावी. पण पहिल्या पावसात पडलेले भगदाड दुसऱ्या पावसाआधी बुजवायला शासन पोचेलच असे नाही. तिथे आपले फावडेच हवे.

तेव्हा मृगाआधी एकदा बांधावरून फेरी मारा. उंदरा-घुशींची बिळे बुजवा, सांडवा मोकळा करा, बांधावर मारवेल किंवा पवना गवत लावा आणि बांध कोरून पेरू नका. त्या शेतकऱ्यांना मी हेच सांगितले: बांध सरकारनं घातला असेल, पण वाहून जाते ती माती तुमचीच.