जहाजाच्या तळातून निघालेला उजेड

गॅसच्या दिव्याची कुळकथा बहुतेक जण 1792 पासून सांगतात. कॉर्नवॉलमधल्या रेडरूथला विल्यम मर्डॉकने आपल्या घरात कोळशाच्या वायूवर दिवा लावला, इथून. माझ्या मते ती त्याच्या दहाएक वर्षं आधी स्कॉटलंडमध्ये सुरू होते, आणि तिचं मूळ जहाजाचं लाकूड पोखरणाऱ्या किड्यात आहे.

डंडोनाल्डचे नववे अर्ल आर्चिबाल्ड कॉक्रेन तरुणपणी नौदलात होते. या किड्याने चाळण केलेले जहाजांचे तळ त्यांनी पाहिले होते. फोर्थच्या खाडीकाठी, कूरॉसच्या त्यांच्या जहागिरीत कोळसा मुबलक. त्यातून डांबर काढून जहाजांना फासायचं ठरवून त्यांनी भट्ट्या घातल्या आणि 1781 मध्ये पेटंट घेतलं. नौदल तळाला तांब्याचे पत्रे ठोकू लागलं आणि धंदा बसला.

पण डांबर थिजवून घेतल्यावरही नळीतून वायू येत राहायचा. अर्लनी तिच्या तोंडाला बंदुकीची नळी बसवून वायू पेटवला, तर ज्वाळा खाडीपलीकडून दिसली. मग चहाच्या मोठ्या बंबासारख्या भांड्यात तो भरून वर कोठीत नेत आणि दिवाणखान्यात जाळून दाखवत. ना घरभर नळ, ना साठवणीची टाकी. तरीही जहागिरीतल्या भट्टीचा वायू मालकाच्या घरात जळला, आणि मला तेवढं पुरेसं आहे. लूव्हांच्या मिंकेलर्सने याच दशकात वर्गात गॅस जाळला, पण ती विद्यापीठातली गोष्ट. घरातल्या दिव्याच्या वंशावळीत ती बसत नाही.

पुढचे टप्पे सर्वश्रुत आहेत: सोहोचा कारखाना, सॅलफर्डची गिरणी, मग 1823 च्या सुमारास सर वॉल्टर स्कॉटच्या ॲबट्सफर्डला तेलापासून केलेला गॅस, आणि कलेनच्या किल्ल्याखाली समुद्रकाठी उभं राहिलेलं गॅसघर. हा वायू हवेपेक्षा हलका, आपसूक वर चढणारा. म्हणून गॅसघराला सखल जागा सोयीची.

प्रश्न आहे तो मर्डॉकला हे सुचलं कसं, याचा. अर्लचा मुलगा थॉमस, पुढे ॲडमिरल झालेला, आत्मचरित्रात सांगतो की 1782 मध्ये वडिलांबरोबर तो बर्मिंगहॅमजवळ जेम्स वॅटकडे उतरला होता आणि तिथे कूरॉसच्या या उजेडाचा विषय निघाला होता. मर्डॉक वॅटच्याच नोकरीत. विरोधक म्हणतात, तेव्हा थॉमस जेमतेम सहा वर्षांचा, लिहिलं ऐंशी उलटल्यावर. शिवाय मर्डॉक त्या काळात कॉर्नवॉलमध्ये. दोन्ही आक्षेप खरे आहेत. पण 1809 मध्ये संसदेच्या समितीपुढे वॅटच्या मुलाने साक्ष दिली, ती मला महत्त्वाची वाटते. मर्डॉकच्या पेटंटबाबत आपण का कचरलो, याचं एक कारण त्याने दिलं ते असं: डंडोनाल्डच्या डांबरभट्ट्यांचा वायू पूर्वी पेटवला गेल्याचं आपल्या कानावर आलं होतं. म्हणजे पेटंटचा विचार होईपर्यंत तरी कूरॉसची बातमी वॅटच्या घरी पोचली होती. ती नेमकी कधी पोचली, किंवा घरातल्या दिव्याचं त्यात काही होतं का, हे साक्षीतून कळत नाही. भट्टी, नळ आणि टाकी यांची सांगड घातली मर्डॉकनेच, ते श्रेय त्याचंच. पण हा वायू घरात जाळता येतो हे त्याला थोरल्या वॅटकडून कळलं असेल, असा माझा निव्वळ अंदाज आहे.