प्रॉम्प्टलेखन

प्रॉम्प्टलेखन : कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लेखनसाधनाकडून हवा तसा मजकूर मिळवण्यासाठी नेमकी सूचना लिहिण्याचे तंत्र. सूचनेतच काही नमुने दिल्यास वेगळे प्रशिक्षण न देताही भाषाप्रतिमान (अशा साधनामागील मजकूर तयार करणारी संगणकीय प्रणाली) अनेक कामे करू शकते, हे ओपनएआयच्या संशोधकांनी 2020 मध्ये जीपीटी-3 या भाषाप्रतिमानावरील निबंधात दाखवले. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यावर हे तंत्र सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले.

भाषाप्रतिमान आधीच्या मजकुरावरून पुढचा शब्दांश संभाव्यतेने निवडते. सूचना मोघम असेल, तर उत्तरही सर्वसाधारण येते. म्हणून सूचनेत काम, वाचक, संदर्भ, स्वरूप, लांबी आणि मर्यादा स्पष्ट असाव्यात. ‘इरुंगाट्टुकोट्टैविषयी लिही’ ही सूचना अपुरी ठरते. ‘चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैवर दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी शंभर शब्दांची मराठी नोंद लिही, 1990 मध्ये सुरू झालेला मोटारशर्यतीचा मार्ग आणि 1998 मध्ये उत्पादन सुरू झालेला ह्युंदाईचा कारखाना यांचा उल्लेख कर, इतर आकडे घालू नकोस’ ही सूचना अधिक उपयुक्त आहे.

मराठीसाठी प्रमाण भाषा की बोली, ‘तू’ की ‘तुम्ही’ हेही सांगावे. नमुन्यादाखल चांगला मराठी परिच्छेद द्यावा. याचे कारण, इंग्रजीच्या तुलनेत भारतीय भाषांतील प्रशिक्षणसामग्री कमी आहे. ती वाढवण्याचे काम चेन्नईच्या आयआयटी मद्रासमधील ‘एआयफॉरभारत’ हा गट करतो.

उत्तम सूचनेनेही चुकीची माहिती पूर्णपणे टळत नाही. नावे, सनावळ्या व अवतरणे मूळ साधनांवरून तपासणे ही लेखकाचीच जबाबदारी होय.