जुनी डिस्क, नवे यंत्र आणि हरवलेले वाचन

केज तालुक्यातील नांदूरघाटला माझ्या मामांचे छोटे डीटीपीचे दुकान होते. लग्नपत्रिका, अर्ज, दशक्रियेची पत्रे आणि वर्षाकाठी एखादी स्मरणिका, एवढाच त्याचा व्याप. मामा गेले, दुकान बंद झाले आणि संगणक माळ्यावर गेला. काही वर्षांनी मामेबहिणीने तो खाली काढला, तेव्हा वीजपुरवठ्याचा खोका जळालेला होता आणि मदरबोर्डही गेलेला होता. तिला संगणक नको होता, त्यातली एक फाइल हवी होती. मामांनी गावातील आणि आसपासच्या सात वृद्धांकडून हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणी लिहून घेतल्या होत्या. स्मरणिकेत त्यांतील दोन-दोन परिच्छेद छापले गेले. पूर्ण मजकूर फक्त त्या डिस्कवर होता, आणि सांगणाऱ्यांपैकी आज कोणीही हयात नाही.

डिस्क माझ्याकडे पुण्याला आली. ती दुसऱ्या संगणकाला जोडली आणि चालूही झाली. फाइल सापडली, उघडली. पडद्यावर मात्र मराठीचे एकही अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, उद्गारचिन्हे आणि चलनांच्या खुणा यांची नुसती सरमिसळ दिसत होती. मजकूर तसाच्या तसा होता, पण वाचता येत नव्हता. असे का होते, याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडतो.

दप्तर हलते, वाचणारा मागे राहतो

मराठवाड्याला हा अनुभव नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०पासून महाराष्ट्रात. आठ वर्षांत एका राज्यव्यवस्थेचे दप्तर दुसऱ्या व्यवस्थेच्या कपाटात गेले. कागद बरेचसे टिकले. पण त्यांतील पुष्कळसे उर्दूत होते, गावपातळीवरचे मोडीत होते आणि तारखा फसली सनाच्या होत्या. फसली सनात साधारण ५९० मिळवावेत तेव्हा इसवी सन येतो. नव्या कचेरीत देवनागरी मराठी आणि इंग्रजी जाणणारे कारकून आले. एकेक पिढी निवृत्त होत गेली, तसे रुमालात बांधलेले कागद जागेवर असूनही मुके झाले.

त्याची किंमत २०२३मध्ये सर्वांनी पाहिली. मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि निजामकालीन अभिलेखांसाठी हैदराबादपर्यंत शोध गेला. तेव्हा कागदाइतकीच गरज भासली ती उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची. आरक्षणाच्या वादात कोणी कोणत्याही बाजूला असो, एक गोष्ट सर्वांना मान्य व्हावी: नोंद जपणे आणि तिचे वाचन जपणे ही दोन वेगळी कामे आहेत.

डिस्कचे स्थलांतर

आयबीएमने १९५६मध्ये रॅमॅक संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. ती हलवायला वाहन लागे. १९६२च्या '१३११' या यंत्रात मात्र तबकड्यांची चवड उचलून दुसऱ्या तशाच यंत्रात बसवता येत असे. म्हणजे डिस्क एका यंत्रातून दुसऱ्यात नेणे हा पुढे निघालेला जुगाड नाही, ती आरंभीच्या काळातलीच सोय होती. पुढे तबकड्या आणि त्यांवर तरंगणारे वाचक-शीर्ष एकाच बंद डब्यात ठेवणे सुरू झाले, कारण त्या दोहोंमधील अंतर इतके कमी झाले की धुळीचा कणही घात करू लागला.

१९८०मध्ये सीगेटची '५०६' ही ५ मेगाबाइटची डिस्क आली आणि घरगुती आकाराच्या संगणकात हार्ड डिस्क बसू लागली. तिचे नियंत्रण करणारी सर्किटे वेगळ्या कार्डावर असत. दुसऱ्या बनावटीचे कार्ड असलेल्या संगणकात डिस्क नेली की बहुधा ती वाचली जात नसे, त्यामुळे कार्डही सोबत न्यावे लागे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आयडीई पद्धतीने हे नियंत्रण डिस्कच्याच अंगावर आणले. तेव्हापासून डिस्क खऱ्या अर्थाने सुटी झाली. चाळीस पिनांची रुंद पट्टी, एका पट्टीवर दोन डिस्का आणि त्यांतली मुख्य कोणती, दुय्यम कोणती हे ठरवणारा चिमुकला जंपर, हे त्या काळी दुरुस्तीचे काम केलेल्या कोणालाही आठवेल. २००३पासून साटाची अरुंद केबल आली आणि जंपरची कटकट गेली.

मामांची डिस्क आयडीई होती. जंपर मुख्य जागी लावला, यूएसबीचा अडॅप्टर घेतला आणि डिस्कला वेगळा वीजपुरवठा दिला. साडेतीन इंची डिस्कला लागणारी १२ व्होल्ट वीज यूएसबीतून मिळत नाही. जुनी विंडोज त्या डिस्कवरून सुरू करण्याचा प्रयत्न केला नाही. वेगळ्या मदरबोर्डावर एक्सपी बहुधा निळ्या पडद्यावर थांबते, कारण तिच्यातील ड्रायव्हर जुन्या यंत्रापुरते असतात. डिस्क फक्त दुय्यम म्हणून जोडली. मामांचे फोल्डर 'परवानगी नाही' म्हणून अडले. एनटीएफएस पद्धतीत फोल्डरची मालकी जुन्या संगणकावरील खात्याच्या नावे असते, ती नव्या खात्याकडे घ्यावी लागली. येथवर सारे तंत्राचे झाले. खरा अडथळा पुढे होता.

मराठीची अडचण

संगणकात अक्षर नसते, आकडा असतो. कोणत्या आकड्याला कोणते अक्षर, हा करार सर्वांचा एक असावा लागतो. भारतीय लिपींसाठी असा करार झाला होता. आयआयटी कानपूरमधील संशोधनातून जिस्ट तंत्र निघाले, ते पुण्याच्या सी-डॅककडे आले आणि १९९१मध्ये इस्की हे भारतीय मानक जाहीर झाले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमधील देवनागरीचा पायाही इस्कीचाच होता.

पण छपाईच्या बाजारात वेगळेच रूढ झाले. फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले. प्रत्येकाची मांडणी निराळी. श्रीलिपीचा मजकूर आकृतीत उघडत नसे, आकृतीचा सी-डॅकच्या सुरेख किंवा योगेशमध्ये वाचता येत नसे. अनेक सॉफ्टवेअरसोबत डोंगल येई, ते संगणकाच्या पाठीमागे लावल्याशिवाय प्रोग्रॅम चालत नसे. विंडोज २०००मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा फॉन्ट आला. एक्सपीत मात्र ही सोय वेगळी सुरू करावी लागे. पेजमेकरवर पाने लावणाऱ्या दुकानांना तिचा उपयोगही नव्हता. त्यामुळे त्या काळातील मराठी स्मरणिका, साप्ताहिके आणि दिवाळी अंक मोठ्या प्रमाणात अशा खासगी करारांत साठवले गेले. शेवटचा पेजमेकर २००१चा, आणि त्याच्या फाइली उघडणारे इनडिझाइनही सीएस६ या आवृत्तीपर्यंतचेच.

म्हणून डिस्क हलवताना केवळ कागदपत्रांचे फोल्डर उचलून भागत नाही. विंडोजच्या फोल्डरातील फॉन्टही घ्यावे लागतात. मामांच्या डिस्कवरून ते घेतले, नव्या संगणकात बसवले आणि पडद्यावर मराठी उमटली. मग मजकूर युनिकोडमध्ये नेला. तेथेही हाताने तपासण्याला पर्याय नव्हता. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचे नेमके उलट. रूपांतर करणारा प्रोग्रॅम जोडाक्षरापाशी चुकतो. आठवणींत माणसांची आणि गावांची नावे असली, की अशी एक चूक पुढे इतिहास म्हणून टिकते. आम्ही दोघांनी ती नावे गावातल्या जाणत्यांना वाचून दाखवली आणि मगच कायम केली.

सातपैकी सहा आठवणी पूर्ण मिळाल्या. सातवीच्या मध्यभागी खराब सेक्टर होते, तिचा उत्तरार्ध गेला. सर्वांत आधी संपूर्ण डिस्कची प्रत काढून त्या प्रतीवर काम केले असते, तर कदाचित थोडे अधिक वाचले असते. मी ते उशिरा केले.

पुढची कुलपे

आता अडचणीचे रूप बदलले आहे. युनिकोडमुळे मराठी सर्वत्र वाचता येते, पण अनेक नव्या संगणकांतील डिस्क आपोआप कूटबद्ध होते. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली नसेल, तर धडधाकट डिस्कही दुसऱ्या यंत्रात उघडत नाही. घरातले माणूस गेल्यावर ही किल्ली कोणाकडे आहे, हे बहुतेक घरांत कोणालाच ठाऊक नसते. दुसरीकडे, कुलूप नसलेली जुनी डिस्क भंगारात दिली की फाइली पुसल्या तरी मजकूर मागे राहतो. सिमसन गारफिंकेल आणि अभि शेलट यांनी २००३मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या बाजारातून १५८ डिस्का घेतल्या होत्या. चालू निघालेल्या १२९पैकी फक्त १२ नीट पुसलेल्या होत्या.

प्रत्येक तालुक्यात बंद पडलेली डीटीपीची दुकाने आहेत. त्यांच्या माळ्यावरच्या डिस्कांत १९९० ते २०१० या दोन दशकांचा ग्रामीण मराठी मजकूर पडून आहे. डिस्क चालू स्थितीत असेपर्यंत आणि तो फॉन्ट ओळखणारी माणसे आहेत तोवरच तो वाचता येईल. मोडी वाचणारे अभ्यासवर्गांतून पुन्हा तयार करता आले. गंजलेल्या तबकडीला अशी दुसरी संधी मिळत नाही.

मामेबहिणीने त्या आठवणी कागदावर छापून घेतल्या. एक प्रत शाळेला दिली आणि उरलेल्या त्या सात घरांत नेऊन दिल्या. सातव्या घरी अर्धाच मजकूर का, हे तिला समजावून सांगावे लागले.