दप्तराचा राखणदार : कै. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर

बदलापुरावरून येणारी आपली उल्हास नदी कल्याणजवळ खाडीचे रूप घेते. याच खाडीच्या परिसरात, कल्याण-भिवंडीकडे, १६५९ च्या सुमारास श्रीशिवछत्रपतींनी लढाऊ जहाजे बांधविण्यास आरंभ केला व त्या कामी रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजास नेमिले. आपल्या उंबरठ्यावरची ही हकीकत गोव्याच्या पोर्तुगीज कागदांतून उजेडात आली. असे कागद मराठ्यांच्या इतिहासास मिळवून देण्यात ज्यांनी आयुष्य वेचिले, ते ज्ञातिभूषण कै. डॉ. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर होत.

त्यांचा जन्म १८९४ साली सत्तरी महालातील पिसुर्ले गावी झाला. गोव्याचा दप्तरखाना १५९५ सालचा. इतिहासकार दियोगो द कौतो हा त्याचा पहिला रक्षक. त्याच दप्तराची धुरा पिसुर्लेकरांनी सुमारे तीन दशके वाहिली. गोव्याच्या राज्यमंडळाच्या १६१८ ते १७५० पर्यंतच्या ठरावांचे पाच खंड त्यांनी १९५३ ते १९५७ या काळात संपादून प्रसिद्ध केले. 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा त्यांचा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९६७ साली छापिला. पुढे दोनच वर्षांनी, १९६९ साली, ते निवर्तले.

लढायांच्या कथा सर्वांस ठाऊक असतात. परंतु दोन लढायांच्या मध्यंतरी वकील, दुभाषे, तहनामे आणि नजराणे यांचे जे राजकारण चालते, ते पिसुर्लेकरांनी उलगडिले. पोर्तुगीजांच्या हिंदी वकिलांवरील त्यांचा पोर्तुगीज ग्रंथ १९५२ चा. त्यात हिंदू, मुसलमान, यहुदी व पारशी असे सर्वच आहेत. शिवछत्रपतींकडे पोर्तुगीजांची वकिली करणारे रामोजी शेणवी कोठारी यांची हकीकतही त्यात येते.

आपल्याच ज्ञातीच्या पुरुषाने परक्यांची वकिली केली, हे वाचून मन क्षणभर खट्टू होते. परंतु पिसुर्लेकरांनी ज्ञातीच्या अभिमानापोटी कागद दडविला नाही. परकीय राजवटीच्या चाकरीत राहूनही त्यांनी मराठ्यांची बाजू वाचकांपुढे ठेविली. खरा राष्ट्राभिमान सत्यास भीत नाही, हा धडा मला त्यांच्या ग्रंथांतून मिळाला.

आपल्यांपैकी कित्येक घराणी गाव सोडून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे स्थायिक झाली. येताना आणलेल्या पेट्यांत जुन्या सनदा, पत्रे, जमाखर्चाच्या वह्या अद्याप असतील. घर बदलताना त्या रद्दीत घालू नयेत. आपल्या पूर्वजांस गौण ठरविणारा कागद निघाला, तरी तोही जपावा. पिसुर्लेकरांचे याहून उचित स्मारक आपल्या हातून होणे नाही.