पाटी-पाटीनं उभी राहिलेली पाळू

तुमच्या गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलाव असेल, तर एकदा त्याच्या पाळूवर जाऊन उभ्या राहा. एका बाजूला पाणी दिसेल, दुसऱ्या बाजूला खाली गाव दिसेल. मधे आहे ती नुसती माती. सिमेंट नाही, लोखंड नाही. ही माती तिथं कोणी आणून टाकली? आम्हाला कोणी विचारलं असतं तर आम्ही म्हटलं असतं, ‘सरकारनं.’ मग एका महिन्याच्या बैठकीत गटातल्या थोरल्या बायांना आम्ही बोलतं केलं आणि उत्तर आमच्याच घरात सापडलं.

आमचं गाव बालाघाटच्या डोंगराखाली आहे. आमच्या तलावाचं काम १९७२च्या दुष्काळातलं. त्या साली पावसानं पाठ फिरवली. त्याच्या आधीची वर्षंही धड नव्हती. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोलानं गेली. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळायची. तिच्या भाकरीची चव आजही आज्यांना आठवते, आणि आठवली की त्या तोंड वाकडं करतात. गावोगाव दुष्काळी कामं निघाली. खडी फोडायची, रस्ते करायचे, नाल्याला बांध घालायचे, तलावाची माती वाहायची. मे १९७३मध्ये राज्यभरात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्यात बाया भरपूर होत्या.

आमच्या गटातल्या सगळ्यात थोरल्या आजी तेव्हा नव्या नवरी होत्या. त्या सांगतात, गडी माती खणायचे, बाया पाट्या भरून वर न्यायच्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी. लेकरू झाडाला बांधलेल्या झोळीत. दुपारी सुकडी मिळायची, ती निम्मी खायची आणि निम्मी पदरात बांधून घरी आणायची. मुकादम हजेरी घ्यायचा आणि पगार उशिरा व्हायचा. आजी म्हणाल्या, “आमाला कोन इंजिनेर म्हननार बाई? पन त्या पाळूत माजी किती माती हाय, ते माज्या मानंला इचारा.”

त्या कामाला शिस्त होती. आधी खाली कठीण थर लागेपर्यंत लांब चर खणला. त्यात काळी माती भरली, पाणी शिंपडलं आणि धुमसानं चोपली. मग वर भराव. मधल्या गाभ्यात काळी चिकण माती, कारण तिच्यातून पाणी सहजी जात नाही. दोन्ही अंगांना मुरूम, म्हणजे गाभ्याला आधार मिळतो. वीतभर थर टाकायचा, भिजवायचा, दाबायचा आणि मगच पुढचा थर. पाण्याच्या बाजूला दगडांचं अस्तर, म्हणजे लाटांनी माती सुटत नाही. आणि एका कडेला, कठीण जमिनीत, पाळूच्या माथ्यापेक्षा खाली ठेवलेली वाट. तिला सांडवा म्हणतात. हा सांडवा ध्यानात ठेवा. पुढं सगळं त्याच्याशीच येऊन थांबणार आहे.

याच सुमाराला राज्यात रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचं बीज १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केलेल्या प्रयोगात होतं. हा विचार विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांचा. मागेल त्याला काम, हे त्याचं सूत्र. १९७७मध्ये त्याचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर या योजनेसाठी आला. पुढं २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. आपल्या आज्यांच्या पाट्यांचा हा केवढा पल्ला, बघा.

पाझर तलाव बांधला तो पाणी जिरवण्यासाठी. तलावातलं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना उतरतं. पण त्याचं दुसरं एक काम आहे, ते आपण विसरतो. आज्या सांगतात, तलाव होण्याआधी डोंगरावर मोठा पाऊस झाला की ओढा तासाभरात खालच्या आळीत शिरायचा. शेळ्या, कोंबड्या, चुलीवरची भांडी वाहून जायची. तलाव झाल्यावर तो पहिला लोंढा वर अडायला लागला. तलावात जागा असेपर्यंत पाणी साठतं, मग सांडव्यावरून बेताबेतानं ओढ्यात उतरतं. मोठ्या नदीचा महापूर असा तलाव थांबवू शकत नाही. पण गावच्या ओढ्याचा लोंढा तो सावकाश करतो. माणसांना उठून वर जायला वेळ मिळतो.

मात्र मातीच्या धरणाचा एक नियम आहे. पाणी त्याच्या पोटाशी राहिलं तर ते पाखर घालतं, पाणी त्याच्या डोक्यावरून गेलं तर ते उरत नाही. माथ्यावरून पाणी वाहू लागलं की मागच्या उतारावरची माती धुपत जाते, घळ पडते, आणि थोड्या वेळात सगळं साठलेलं पाणी एकदम खाली येतं. मग जो लोंढा थांबवायचा, त्याच्यापेक्षा मोठा लोंढा आपणच तयार करून ठेवलेला असतो.

आपल्या राज्यानं हे सोसलेलं आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं मातीचं धरण फुटलं आणि पुणं पाण्याखाली गेलं. धरणाचं काम अजून पुरं झालेलं नव्हतं, भराव खचत होता, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी ते राहिलं नाही. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं. खालच्या वाडीतली वीसहून अधिक माणसं वाहून गेली. खेकड्यांनी धरण पोखरलं, असंही तेव्हा सांगितलं गेलं. गावकरी सांगत होते की गळती आम्ही आधीच कळवली होती.

आता आमच्या गावाचं ऐका. सप्टेंबर २०२१मध्ये मराठवाड्यात पाऊस थांबेना. मांजरा धरणाचे सगळे १८ दरवाजे उघडावे लागले, ते तुम्हाला आठवत असेल. त्या रात्री आमच्या तलावाचं पाणी माथ्याच्या हातभर खाली आलं. सांडवा वाहत होता, पण निम्माच. कारण त्याच्या तोंडाशी मातीची पोती रचलेली होती. पाणी जास्त साठावं, रब्बीला दोन पाणी जास्त मिळावं, म्हणून ती रचली होती. पोती रचणारे परके नव्हते. आमच्याच घरातले होते. काही पोती तर आम्हीच शिवून दिली होती. पोरांनी कमरेला दोर बांधून, बॅटरीच्या उजेडात ती पोती ओढून काढली, तेव्हा पाणी उतरायला लागलं. खालच्या आळीतल्या बाया लेकरं घेऊन शाळेत बसल्या होत्या. थोरल्या आजी त्या रात्री एवढंच म्हणाल्या, “सांडवा बुजवायचा नसतो, हे आमाला मुकादमानं पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं.”

आम्हाला लागलं ते हेच. तलाव कसा बांधला हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांना आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर आम्ही गटांनी ठरवलं. दर वर्षी मृगाच्या आधी आणि पोळ्याच्या सुमाराला आम्ही पाळूवर चालून येतो. आज्यांना सोबत नेतो. चार गोष्टी बघतो. सांडव्यात पोती, दगड, झुडपं नाहीत ना? पाळूवर बाभळी, वेड्या बाभळी वाढल्या नाहीत ना? लहान असतानाच त्या काढाव्या लागतात, कारण मोठं झाड वठलं की मुळं कुजतात आणि आत पोकळ वाट राहते. माथा कुठं खचला नाही ना, उंदीर-घुशींची बिळं नाहीत ना? आणि पाळूच्या मागच्या पायथ्याला ओल आहे का? पाझरणारं पाणी नितळ असेल तर त्यावर नजर ठेवायची. गढूळ असेल तर आतली माती वाहतेय असं समजायचं आणि त्याच दिवशी ग्रामपंचायत, ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), तहसील यांना कळवायचं. आपण स्वतः तिथं खणायचं नाही. अशी छोटी कामं बहुधा जिल्हा परिषदेकडे असतात. तुमचा तलाव कोणाकडे आहे ते ग्रामपंचायतीत विचारून वहीत लिहून ठेवा.

सगळं सुरळीत झालं असं नाही. ग्रामसभेत आम्ही सांडव्याचा विषय काढला, तेव्हा आमच्यातल्याच काही घरांना राग आला. “पाणी सोडून देता, मग उन्हाळ्यात काय पिणार?” असं आम्हाला विचारलं गेलं. प्रश्न खोटा नव्हता. पाणी वाढवायचं तर गाळ काढून तलाव खोल करावा, सांडवा उंच करू नये, असं आम्ही म्हटलं. दोन सभा भांडणात गेल्या, तिसऱ्या सभेत ठराव झाला. झुडपं निघाली. पायथ्याच्या एका ओलीबद्दल दिलेला अर्ज अजून पुढं सरकलेला नाही. त्याची पोच आमच्या गटाच्या वहीत चिकटवलेली आहे, आणि दर महिन्याच्या बैठकीत बचतीच्या हिशेबानंतर आम्ही त्या अर्जाचं काय झालं ते विचारतो.

सख्यांनो, १९७२ला माती वाहिलेल्या बाया आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांच्यासोबत एकदा पाळूवर जाऊन या. तुमच्या तलावाचा सांडवा कुठं आहे, हे त्यांना विचारा आणि तो मोकळा आहे का, हे तुमच्या डोळ्यांनी बघा. पावसाळ्याच्या आधी.