जुन्या सँडरचे चालू माप

पट्टा आणि डिस्क एकाच बैठकीवर असलेला सँडर हे लाकूडकामाच्या वर्कशॉपमधले दुय्यम यंत्र. करवतीसाठी आणि रंध्याच्या यंत्रासाठी माणूस पैसे साठवतो. सँडर बहुतेकदा कोणाकडून तरी जुनाच घेतला जातो. एका बाजूला दोन ड्रमांवर फिरणारा ६ इंच रुंद आणि ४८ इंच घेराचा पट्टा, दुसऱ्या बाजूला १२ इंच व्यासाची तबकडी, खाली मोटर. अमेरिकेत सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी बनलेली अशी यंत्रे आजही हात बदलत कामावर आहेत. त्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय सहसा जाड बिडाला आणि जुन्या काळच्या प्रामाणिक कारागिरीला दिले जाते. मला हे श्रेय चुकीच्या खात्यावर जमा झालेले वाटते. जुना सँडर आज पुन्हा उभा राहतो तो कारखानदाराचे नाव नसलेल्या भागांच्या जोरावर. बेअरिंग, व्ही-बेल्ट, मोटरचा पाया आणि घासपट्टा हे ते भाग. त्यांची मापे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकेका कारखान्याच्या हातून निसटून सगळ्यांची झाली, आणि ते कसे घडले हे पाहिल्याशिवाय दुरुस्तीचा इतिहास कळत नाही.

हर्बर्ट टाउट्झ यांनी १९१९ साली मिलवॉकीत सुरू केलेली डेल्टा ही कंपनी याचे चांगले उदाहरण आहे. तिचा गिऱ्हाईक मोठा कारखानदार नव्हता. घरामागच्या खोलीत किंवा गॅरेजमध्ये लाकूडकाम करणाऱ्या माणसासाठी तिने लहान यंत्रे काढली, आणि त्या माणसाला काय बनवायचे हे सुचवायला १९३२ पासून ‘डेल्टाग्राम’ नावाचे मासिकही चालवले. तो मंदीचा काळ होता. किंमत आवाक्यात राहावी म्हणून यंत्र मोटरशिवाय विकत घेता येत असे. मोटर वेगळी घ्यायची, किंवा घरात असलेली जोडायची, आणि एकच मोटर दोन-तीन यंत्रांना आळीपाळीने लावायची. यंत्र आणि मोटर यांच्यामध्ये फक्त एक व्ही-बेल्ट आणि दोन पुल्या. यातून एक गोष्ट झाली, जी त्या वेळी कोणी मुद्दाम ठरवली असेल असे वाटत नाही: यंत्राचे आयुष्य मोटरच्या आयुष्यापासून सुटे झाले. १९४५ साली डेल्टा रॉकवेलकडे गेली, १९८४ साली पेंटेअरकडे, २००४ साली ब्लॅक अँड डेकरकडे आणि २०११ साली तैवानच्या चांग टाइपकडे. एवढी मालकी बदलली की जुन्या यंत्रांचे खास सुटे भाग मिळेनासे होतात, हे ओघानेच आले. तरी यंत्रे थांबली नाहीत, कारण त्यांचे झिजणारे भाग मुळात त्या कंपनीचे नव्हतेच.

बेअरिंगपासून सुरुवात करावी, कारण जुना सँडर घेतला की पहिली तक्रार तिथूनच येते. हाताने ड्रम फिरवला की खरखर ऐकू येते, आणि शाफ्ट धरून हलवला तर किंचित ढिला लागतो. सर्क्लिप काढून, पुलर लावून जुने बेअरिंग बाहेर काढले आणि कडेवरचा मळ पुसला की बहुतेकदा चार आकडे दिसतात, समजा ६२०३. त्यातले शेवटचे ०३ म्हणजे १७ मिलिमीटरचे भोक. ०४ पासून पुढे त्या आकड्याला पाचाने गुणायचे, म्हणजे ६२०४ चे भोक २० आणि ६२०५ चे २५. ६२०३ चा बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२ मिलिमीटर, मग ते कोणत्याही देशात आणि कोणत्याही कारखान्यात बनलेले असो. खोल खाचेच्या बॉल बेअरिंगची आजची रचना रॉबर्ट कॉनराड यांच्या १९०३ च्या पेटंटपर्यंत मागे जाते. मेट्रिक मापांची मालिका जर्मन कारखानदारांनी त्याच सुमारास बसवली आणि मोटारगाडीच्या धंद्याने ती जगभर नेली. बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफची स्थापना १९०७ साली स्वीडनमधल्या योटेबोर्ग येथे झाली. तिचा कारखाना १९६०च्या दशकात पुण्याजवळ चिंचवडला उभा राहिला, तेव्हा तिथेही हीच मापे लागू होती. म्हणून मिलवॉकीच्या सँडरचे बेअरिंग मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर कोणत्याही यंत्राचे नाव न सांगता मागता येते. काही अमेरिकी कारखानदारांनी आपले वेगळे क्रमांक वापरले हे खरे, पण व्हर्नियर कॅलिपर लावला की भोक, व्यास आणि जाडी आपली ओळख सांगतात. निवड करायची ती फक्त झाकणाची. सँडरची भुकटी बारीक असते, त्यामुळे पत्र्याच्या झाकणाच्या झेडझेडपेक्षा दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले टू-आरएस घेणे शहाणपणाचे.

इथे एक आक्षेप घेता येतो आणि तो वजनदार आहे. प्रमाणित मापे येण्यापूर्वीही यंत्रे दुरुस्त होतच होती. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ साली कथिलाच्या मिश्रधातूचे पेटंट घेतल्यापासून जगभरच्या गिरण्यांतले मिस्त्री शाफ्टभोवती वितळलेला बॅबिट ओतून, पोलादी खरवडणीने खरवडून नवे बेअरिंग जागेवरच तयार करत. त्यांना कोणत्याही दुकानातल्या क्रमांकाची गरज नव्हती. मग श्रेय मापांना कसे? उत्तर असे की त्या पद्धतीत दुरुस्तीचे ज्ञान मिस्त्रीच्या हातात असे, आणि मिस्त्री गिरणीत असे. ज्या घरगुती गिऱ्हाइकासाठी डेल्टाने यंत्रे बनवली त्याच्याकडे ना मूस होती, ना तो हात. चार आकड्यांनी ते कसब आधीच कारखान्यात करून ठेवले, आणि उरलेले काम ज्याला पुलर वापरता येतो अशा कोणालाही जमू लागले. त्यात कसबाचे काही नुकसान झाले हे मी नाकारत नाही. पण सँडरसारख्या दुय्यम यंत्रासाठी कसबी मिस्त्री बोलावणे परवडलेच नसते. ते भंगारात गेले असते.

व्ही-बेल्टची कथा लहान आहे. डेन्व्हरच्या जॉन गेट्स यांनी १९१७ साली रबर आणि दोऱ्याचा व्ही-बेल्ट काढला, आणि पुढे त्याचे छेद ठरून गेले: ए म्हणजे १३ मिलिमीटर रुंद आणि ८ जाड, बी म्हणजे १७ आणि ११. अक्षरापुढचा आकडा आपल्याकडे अजूनही इंचांत लांबी सांगतो. मोटरच्या बाबतीत अमेरिकेत १९२६ साली स्थापन झालेल्या नेमा या कारखानदारांच्या संघटनेने चौकटीची मापे बसवली. ५६ क्रमांकाच्या चौकटीत ५६ ला १६ ने भागले की शाफ्टची उंची इंचांत मिळते, साडेतीन. भारतात मोटर आंतरराष्ट्रीय मेट्रिक मापाची असते आणि तिथे चौकटीचा क्रमांकच शाफ्टची उंची मिलिमीटरमध्ये सांगतो. दोन पद्धती जुळत नाहीत. अमेरिकी यंत्राला भारतीय मोटर लावताना पायाची भोके नव्याने पाडावी लागतात आणि पुलीचे भोक बदलावे लागते. शिवाय तिकडची चार पोलांची मोटर ६० हर्ट्झवर मिनिटाला सुमारे १७२५ फेरे घेते आणि आपली ५० हर्ट्झवर सुमारे १४२५, त्यामुळे मूळ वेग हवा असेल तर मोटरची पुली साधारण पाचव्या हिश्शाने मोठी घ्यावी लागते. मध्ये बेल्ट आहे म्हणूनच हे जमते. तबकडी थेट मोटरच्या शाफ्टवर बसवलेल्या अलीकडच्या स्वस्त सँडरमध्ये ही सोय नाही. तरी आपल्याकडे गल्लोगल्ली मोटर रिवाइंडिंग करणारे आहेत. जळालेली मोटर ते जुन्याच बॉडीत नवी तार भरून परत देतात, आणि परक्या कारखान्याची खास मोटरसुद्धा त्यांच्या हातून पुन्हा चालू होते.

घासपट्ट्याचा इतिहास यापेक्षा लांबचा आहे. लंडनमध्ये जॉन ओकी यांनी १८३३ साली काचपेपरचा धंदा सुरू केला. एडवर्ड अचेसन यांना १८९१ साली विद्युतभट्टीत कार्बोरंडम मिळाले, आणि नॅक्सोस व तुर्कस्तानच्या खाणींतल्या एमरीवरचे अवलंबन कमी होऊ लागले. मिनेसोटात १९०२ साली कुरुंदाची खाण काढायला निघालेल्या मंडळींच्या हाती निकामी दगड लागला. ती कंपनी सँडपेपरकडे वळली आणि तीच पुढे थ्री-एम म्हणून ओळखली गेली. आपल्याकडे उरणजवळच्या मोरा येथे ग्राइंडवेलने १९४१ साली ग्राइंडिंग व्हील बनवायला घेतली, आणि १९५४ साली मद्रासेत कार्बोरंडम युनिव्हर्सल उभी राहिली. पण सँडरच्या दृष्टीने निर्णायक बदल दाण्यांपेक्षा चिकटीत झाला. प्राण्यांच्या कातड्याचा सरस उष्णतेने मऊ पडतो आणि दमट हवेत सुटतो. वेगाने फिरणाऱ्या पट्ट्याला तो पुरा पडत नव्हता. १९३०च्या दशकात कृत्रिम रेझिन आले, आणि विद्युतभाराने दाणे उभे बसवण्याची पद्धतही. पट्टा टिकू लागला, तो बाजारात तयार मिळू लागला आणि त्याची मापे स्थिर झाली. ६ बाय ४८ इंच हे माप इतके पक्के झाले की मेट्रिक देशांत ते १५० बाय १२२० मिलिमीटर म्हणून विकले जाते, आणि ४ बाय ३६ चे १०० बाय ९१५. इंच गेला, माप राहिले. जुन्या यंत्राबरोबर मिळालेले जुने पट्टे मात्र वापरू नयेत. दाणे शाबूत दिसले तरी सांध्याची चिकट म्हातारी झालेली असते आणि पट्टा चालत्या यंत्रावर तुटतो.

पट्टा ड्रमावर मधोमध का राहतो, हे समजणे दुरुस्तीला सर्वांत उपयोगी आहे, आणि ही विद्या सँडरच्या कितीतरी आधीची आहे. ती एकोणिसाव्या शतकातल्या गिरण्यांची. छताखालच्या लांब शाफ्टवरून चामड्याचे सपाट पट्टे एकेका यंत्राला फिरवत, तेव्हा पुलीचा मध्य किंचित फुगीर ठेवत. पट्टा सरकून उतारावर गेला की तिथे सपाट बसण्यासाठी तो आपल्याच पातळीत जरासा वाकतो, त्याचा पुलीकडे येणारा भाग फुगवट्याच्या बाजूला झुकतो, आणि दर फेऱ्याला पट्टा थोडाथोडा मध्याकडे चढतो. गिरण्यांत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर आली आणि हे पट्टे गेले. सँडरमध्ये त्यांची समजूत जिवंत राहिली. पट्टा एका कडेला पळतो म्हणून लोक ट्रॅकिंगचा स्क्रू आवळत बसतात, स्प्रिंग बदलतात. दोष बऱ्याचदा ड्रमावर साचलेल्या राळ आणि भुकटीच्या थरात असतो, किंवा ड्रमाचे रबर कडक होऊन मध्यावर झिजलेले असते. थर लाकडी पट्टीने खरवडून काढावा. ड्रम लेथवर न्यायचाच असेल तर टर्नरला फुगवटा आधी दाखवावा, कारण नुसते ‘ड्रम सरळ करून द्या’ म्हटले तर तो चोख सरळ करून देईल आणि पट्टा कधीच मध्यावर थांबणार नाही.

जुन्या लोखंडाची बाजू घेणारे म्हणतील की आजच्या हलक्या यंत्रांना हे भाग मिळूनही ती टिकत नाहीत, म्हणजे फरक बिडातच आहे. बीड थरथर गिळते आणि टेबल सपाट राहते, एवढे निर्विवाद आहे. पण १९३०च्या दशकातच जस्ताच्या मिश्रधातूचे स्वस्त डायकास्ट भागही सर्रास आले. त्यातले कितीतरी तडकले, फुगले आणि भंगारात गेले, म्हणून ते आज कोणी पाहत नाही. उरलेल्या यंत्रांवरून सगळ्या काळाची परीक्षा करणे न्यायाचे नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. जुन्या सँडरला धूळ ओढण्याची सोय क्वचितच असते, बेल्ट उघडा असतो, रंगात शिसे असू शकते. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असे कर्करोगावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५ साली नोंदवले आहे. तेव्हा पट्ट्याखाली धुळीचे तोंड बसवणे, बेल्टवर जाळी घालणे, जुना रंग कोरडा न घासता ओला करून काढणे, आणि लोखंड घासल्यावर ठिणग्या पडण्याआधी आतली लाकडाची भुकटी साफ करणे हा दुरुस्तीचाच भाग धरला पाहिजे. बेअरिंग बदलले आणि हे राहिले तर काम अर्धवट झाले.

उरतात ते खास भाग: टेबल तिरके करणारा कमानीसारखा कंस, तबकडीचा हब, ट्रॅकिंगची मूठ. यांना चालू माप नाही, आणि माझा मुद्दा इथे अडतो असे कोणी म्हणेल. मात्र अशा भागांचा एक मार्ग कोल्हापूरसारख्या ओतकामाच्या गावात उघडा आहे. तुटलेला कंस जोडून त्यालाच पॅटर्न म्हणून वापरता येतो, पण बीड थंड होताना फुटाला सुमारे अष्टमांश इंच, म्हणजे शेकडा एक इतके आकसते. जुन्या भागावरून थेट साचा घेतला तर नवा तेवढा लहान निघतो. म्हणून पॅटर्नमेकर वाढीव मापाच्या पट्टीने लाकडात तो नव्याने करतो, जिथे मशीनिंग होणार तिथे जादा जाडी ठेवतो, आणि साचा न मोडता पॅटर्न वाळूतून निघावा म्हणून उभ्या बाजूंना एक-दोन अंशांचा उतार देतो. हा उतार काढण्याचे त्याचे नेहमीचे यंत्र म्हणजे टेबल तेवढेच कलते ठेवलेला डिस्क सँडर. पॅटर्न एकदा झाला की तो फळीवर राहतो, आणि त्याच यंत्राच्या दुसऱ्या मालकाने मागितले तर पुढचे ओतीव त्यावरूनच निघते.