आबालाल रहिमान

आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) : कोल्हापूर संस्थानचे दरबारी चित्रकार आणि महाराष्ट्रातील आरंभीच्या निसर्गचित्रकारांपैकी एक. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती लिहिण्याची व सजवण्याची परंपरा असल्याने बारीक कलाकुसरीचे वळण त्यांच्या हाताला लहानपणीच लागले. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथे त्यांनी मानवाकृतीच्या वास्तवदर्शी रेखाटनाचा कसून अभ्यास केला व व्हाइसरॉय पदक मिळवले. एवढ्या तयारीनंतर मुंबईत व्यक्तिचित्रांच्या कामाला तोटा नव्हता, पण ते कोल्हापूरला परतले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आश्रय दिला.

शहराच्या पूर्वेकडील कोटितीर्थ तलावाच्या काठी ते फकिरी वृत्तीने राहत. कोटितीर्थ, रंकाळा तलाव आणि पंचगंगा नदीचा घाट हे त्यांच्या चित्रांचे मुख्य विषय. पायी फिरून येता येईल एवढाच हा परिसर. मात्र त्यातले पाणी वर्षभर रूप बदलत असते. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती यांच्या संगमातून झालेली पंचगंगा पावसाळ्यात गढूळ होऊन घाटावरची देवळे पोटात घेते आणि उन्हाळ्यात पायऱ्यांच्या तळाशी जाऊन बसते. रंकाळ्यातील दगडी संध्यामठ पावसाळ्यात पाण्यात बुडतो, पाणी ओसरले की पुन्हा वर येतो. अशा ठिकाणी एकाच जागेची अनेक चित्रे काढणे म्हणजे पुनरावृत्ती नव्हे. आबालाल तीच जागा निरनिराळ्या वेळी पाहत आणि धुके, उतरते ऊन किंवा ढगाळ आभाळ यांनी तिच्यात काय फरक पडला तेवढाच टिपत.

त्यांचे आरंभीचे काम रेषेच्या शिस्तीचे आहे. नंतरच्या निसर्गचित्रांत रेषा मागे सरते. लहान फटकारे व रंगांचे ठिपके शेजारीशेजारी ठेवून झाडी, पाणी आणि हवा एकमेकांत मिसळलेली दिसतात. यामुळे त्यांची तुलना फ्रेंच दृक्प्रत्ययवाद्यांशी केली जाते. त्यांच्यापैकी मोनेने गवताच्या गंजींची प्रसिद्ध चित्रमालिका १८९०-९१ मध्ये रंगवली; म्हणजे दोघे समकालीन ठरतात. तरीही आबालालांना ‘कोल्हापूरचे मोने’ म्हणणे फारसे उपयोगाचे नाही. त्यांच्या चित्रांतली ओलसर, मऊ हवा सह्याद्रीलगतच्या पावसाळी प्रदेशाची आहे, आणि रंगांचा बारीक कण जपणारा हात पोथी सजवणाऱ्या घरातला आहे.

शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी निधन झाले. त्या दुःखात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे कोल्हापुरात सांगतात. आख्यायिकेत अतिशयोक्ती असेलही, पण त्यांची फार थोडी चित्रे मागे उरली, हे खरे. प्रदर्शने व विक्रीच्या वाटेला ते फारसे गेले नाहीत, त्यामुळे कोल्हापूरबाहेर त्यांचे नाव चित्रकारांच्या वर्तुळापुरतेच राहिले.

कोल्हापुरात मात्र उघड्यावर बसून निसर्ग रंगवण्याचा जो शिरस्ता पडला, त्याच्या मुळाशी ते आहेत. चित्रपटनिर्माते म्हणून गाजलेले बाबूराव पेंटर यांच्यावर त्यांच्या कामाचा प्रभाव होता. बाबूरावांच्या तालमीत तयार झालेले अभिनेते चंद्रकांत मांडरे यांनीही पुढे निसर्गचित्रणाची वाट धरली. मांडरे यांच्या चित्रांचे संग्रहालय कोल्हापुरातील राजारामपुरीत आहे. आबालालांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल वस्तुसंग्रहालयात पाहायला मिळतात.